ज्याचा डबा, त्याचे बाबा

जानरावांची पेटी कारमध्ये मावली नाही, म्हणून रविवारी सकाळी अमरावतीहून निघताना संत्र्याची गाडी काढावी लागली. मोर्शीच्या मळ्यातून कॅरेट वाहणारी ती गाडी. हौद्यात अजून पाला पडलेला. पाल्यावर गोधडी, गोधडीवर पेटी, आणि पेटी सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना संत्र्यांचं एकेक कॅरेट. पुढे स्टिअरिंगवर अडुसष्ट वर्षांचे जानराव, शेजारी कौशल्याबाई. बडनेऱ्यापर्यंत कौशल्याबाईंनी कसंबसं तोंड आवरलं.

"बुद्धिबळ ठेवाचं हाय का नवरी पाठवाची हाय?"

"माह्या वावराच्या धुऱ्यावरचा साग हाय तो," जानराव म्हणाले.

"साग दिसून राहिला मले. एवढी मोठी काहून केली?"

"मार्जिन ठेवलं. सुतारानं इचारलं, मापाहून किती मोठी करू. मी म्हटलं, चार बोटं. त्यानं आपल्या मनानं अजून चार धरली. मंग तूच म्हटलं होतं, लहान पडाले नको. मंग मी फोन करून अजून चार सांगतली."

"चहूबाजूनं?"

"चहूबाजूनं."

"अन् सोंगट्या तेवढ्याच."

जानरावांनी थोडा विचार केला. "उद्या वाढल्या तं?"

"सोंगट्या वाढतेत काय वो?"

जानराव कुरूम येईपर्यंत आरशातून मागची पेटी पाहत राहिले. पेटी लहान पडून बाबा हातचे जाण्यापेक्षा मोठी झालेली बरी, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

बाबा म्हणजे पुंजाजी, वय वर्षं ब्याण्णव. चार वर्षांपूर्वी असं ठरलं होतं, की त्यांनी सहा महिने अमरावतीला मोठ्या मुलाकडे राहायचं आणि सहा महिने अकोल्याला धाकट्याकडे. पहिल्याच बदलीला दोघं भाऊ त्यांना घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसले आणि सहा महिने कधीपासून धरायचे यावरून त्यांचं जुंपलं. जानराव दिवाळीपासून मोजत होते, भगवंतराव एक तारखेपासून. बाबा मधल्या जागेवर बसून दोन्हीकडचं ऐकत होते. मूर्तिजापूरला बस थांबली तसे ते उठले, "चहा पिऊन येतो" म्हणाले, बुद्धिबळाची थैली घेऊन उतरले आणि सरळ लेकीच्या, जाईबाईच्या घरी चालते झाले. मधली जागा रिकामी आहे हे दोघा भावांच्या लक्षात यायला बोरगाव मंजू आलं.

"तुह्यामुळं बाबा हरपले," असं दोघंही एकमेकांना एकाच वेळी म्हणाले. ते त्यांचं शेवटचं बोलणं. त्यानंतर लग्नं झाली, बारशी झाली, पण भाऊ भावाशी बोलला नाही.

आणि आता आठ दिवसांपूर्वी बाबांचा दोन्ही घरी फोन आला होता. शब्द दोन्हीकडे तेच.

"उंदरानं थैली खाल्ली. डबा पाह्यजे. ज्याचा डबा माह्या सोंगट्यायले बसन, त्याच्या घरी मी राहाले येतो. रविवारी या."

*

भगवंतराव आपल्या मुलीला, आकांक्षाला घेऊन अकोल्याहून गाडीने आले होते. जुन्या शहरात त्यांचं फुलांचं आणि भाजीचं दुकान. लग्नसराई असल्यामुळे बायको दुकानावर थांबली होती. येताना त्यांनी बाबांसाठी झेंडूचा हार आणला होता, हाताएवढा जाड. डबा मात्र त्यांनी कागदात गुंडाळून मांडीवर धरला होता, आणि आकांक्षाला स्टेशनवरून रिक्षात बसेपर्यंत तो पाहू दिला नव्हता. तिने कागदाचं एक टोक उचकटलं.

"पप्पा, हा मसाल्याचा डबा आहे."

"स्टीलचा हाय. भारी हाय. भांड्याच्या दुकानातला सगळ्यात मोठा."

"मसाल्याचा आहे."

"अवं, पाहा तं खरं. सोंगट्या किती जातीच्या? राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती, प्यादा. सहा. यात वाट्या किती? सात. हिशेब बसते का नाई?"

"अन् सातव्या वाटीत?"

"बडीशोप," भगवंतराव म्हणाले. "बाबाले जेवल्यावर लागते."

आकांक्षा कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून बुद्धिबळ खेळली होती. या डब्याची बाजू घेऊन आपल्याला सगळ्या घरासमोर उभं राहायचं आहे, हे तिला नको वाटलं. पण वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने कागद परत नीट लावला. आठ दिवस त्यांनी घरातली एक खोली रिकामी करून तिला दोनदा रंग दिला होता. पहिला रंग बाबांना भडक वाटेल म्हणून दुसरा.

जाईबाईच्या अंगणात कडुनिंबाखाली बाबांची खाट होती. खाटेवर पट, पटाशेजारी कुरतडलेल्या थैलीत सोंगट्या. त्या जुन्या लाकडी सोंगट्या होत्या. घोड्याला खरंच आयाळ, उंटाला खरंच मान. बाबा त्यांना महिन्यातून एकदा तेल लावत, त्यामुळे त्या चकाकत असत आणि जवळ गेलं की त्यांना सरकीच्या ढेपेसारखा वास येई.

जानराव आधीच पोचले होते. भगवंतरावांनी भावाकडे न पाहता कौशल्याबाईंना वाकून नमस्कार केला.

"वयनी, दादाले सांगा, गाडी जरा बाजूले लावा. रिक्षा अंदर येत नाई."

जानराव चार हातांवर उभे होते. तेही बायकोलाच म्हणाले, "त्याले सांग, रिक्षा बाहीर ठेव. हातात तं एवढासाक डबा दिसते."

"वयनी, सांगा त्यायले, डबा हाय म्हणा. मी पलंग नाई आनला."

कौशल्याबाईंनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि कोणालाच काही न सांगता त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

*

अंगणाच्या कडेला गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजत होते. आत जाईबाई वांग्याच्या भाजीला फोडणी देत होत्या. कौशल्याबाईंनी पदर खोचला आणि शेंगदाण्याचा कूट पुढे ओढला.

"जाईबाई, खरं सांगा. बाबा जड जातेत का तुमाले?"

जाईबाईंनी झारा थांबवला. या प्रश्नाचं उत्तर चार वर्षांत कोणी मागितलंच नव्हतं. शेजारच्या बाया विचारायच्या ते वेगळं: लेकीच्या घरी किती दिवस, पोरं पाहत नाहीत का. तेव्हा त्या "येतीन आता न्याले" म्हणून वेळ मारून न्यायच्या. आणि मग घरात येऊन बाबांचा चहा ठेवायच्या, एक चमचा साखर जास्त घालून, डॉक्टरांच्या नावानं शिव्या देत.

"जड कायचे वो वयनी," त्या म्हणाल्या. "पन दोन दोन भाऊ असून मी कशी म्हनू, ठेवा म्हनून? मी तं डबा बी नाई पाह्यला. माहा हक्क कुठी हाय त्यात?"

कौशल्याबाई थोडा वेळ कूट चाळत बसल्या. "आमचे हे तं बाबा येतीन म्हणून रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून पाहून राहिले, ऊन कुठून येते म्हणून," त्या म्हणाल्या. "माह्या मनात वाटलं होतं, तुमी सुटान एकदाच्या. मले काय माहीत."

तेवढ्यात अंगणातून बाबांचा आवाज आला. "दोघं बी डबे आना समोर!"

पहिला मान मोठ्याचा. जानरावांनी आणि जाईबाईच्या नवऱ्याने, मोतीरामांनी, दोन्ही बाजूंना धरून पेटी उतरवली. मोतीराम एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. घंटीच्या दोन ठोक्यांत काम होत असेल तर तोंड उघडायचं नाही, ही तीस वर्षांची सवय. त्यांनी पेटी ठेवली, कंबर धरली आणि बाजूला उभे राहिले.

बाबांनी बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या पेटीत ओतल्या. मग वाकून आत पाहिलं.

"कुठी गेल्या?"

"तळाशी हाय ना बाबा."

"हात पुरत नाई." बाबांनी खांद्यापर्यंत हात घातला. "जान्या, प्यादा काढाले दर डावाले मी यात उतरू काय?"

भगवंतराव मोठ्यांदा हसले. जानरावांनी बायकोला सांगितलं, "त्याले म्हना, हसू नको. साग हाय."

दुसरा डबा. सात वाट्या चकचकीत. भगवंतरावांनी हिशेब समजावून सांगितला, बडीशोपेसकट. बाबांनी एकेक सोंगटी वाटीत ठेवायला घेतली. घोडे बसले, हत्ती बसले. सोळा प्यादी एका वाटीत बसेनात, ती दोन वाट्यांत गेली आणि बडीशोपेचा प्रश्न तिथंच मिटला. मग बाबांनी दोन्ही राजे हातात घेतले.

"हे दोघं एका वाटीत?"

"हो ना. राजे राजे एकत्र."

"दुश्मन हायेत ते लेका! झाकण लावलं का कापाकापी करतीन."

"मोठेबाबांना विचारा," जानरावांकडे पाहत आकांक्षाच्या तोंडून निघून गेलं, "दोन राजे कसे एका वाटीत राहतात ते पप्पा अन् ते सांगू शकतील." मग जीभ चावून ती कडुनिंबाकडे पाहू लागली. मोतीराम तेवढे खोकले.

बाबा म्हणाले, "बसाचं सोडा. बसते म्हणा कसंबी. आता हालवून पाहू. मले हा डबा येस्टीत घेऊन हिंडाचं हाय. खडखड वाजला का गाडीत कोन झोपन?"

"हालवा ना मंग," भगवंतराव म्हणाले.

"हातानं नाई. गाडीत. गतिरोधकावरून."

*

अशा रीतीने रविवारच्या दुपारी सगळं घराणं संत्र्याच्या गाडीत चढलं. पुढे जानराव आणि बाबा. मागे हौद्यात कौशल्याबाई, जाईबाई, आकांक्षा, भगवंतराव. पेटी रिकामी करून मागेच ठेवली होती. तिच्यात सोंगट्या घालून दहा पावलं नेली तेव्हाच ढोल वाजावा तसा आवाज झाला होता आणि जानरावांनी मान खाली घातली होती. आता पाळी स्टीलच्या डब्याची होती. भगवंतरावांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, हाराच्या खाली, कारण बाबांनी "आता घाल गयात, हात कुठी रिकामे हायेत माहे" म्हणून झेंडूचा हार परत त्यांनाच गळ्यात घालायला लावला होता.

मोतीराम शेवटी चढले. हौद्यात बसायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी घरातून एक पत्र्याची पेटी आणली आणि तिच्यावर बसले.

पहिला गतिरोधक नीट गेला.

"वाजलं का?" पुढून बाबा ओरडले.

"नाई!" मागून भगवंतराव ओरडले. थोडंसं वाजलं होतं. आकांक्षाने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली.

भाजीबाजाराच्या तोंडाशी दुसरा गतिरोधक होता, आणि जानरावांनी तो जाणूनबुजून जोरात घेतला असं भगवंतराव अजूनही म्हणतात. जानराव म्हणतात, ब्रेक लागलाच नाही. गाडी उडाली, कौशल्याबाई जाईबाईंच्या अंगावर गेल्या, आणि डब्याचं झाकण थाळीसारखं फिरत रस्त्याच्या कडेला गेलं. त्यामागून सातही वाट्या. त्यामागून राजा, वजीर, घोडे, हत्ती. सोळा प्यादी भरबाजारात मेथीच्या जुड्यांमधून पळाली.

"थांबव! थांबव!"

सगळे उतरले. भाजीवाल्या बायाही उठल्या. काय सांडलं ते त्यांना कळलं नाही, पण सांडलंय एवढं कळलं. एकीच्या टोपलीत वजीर मिळाला. एकीने हत्ती उचलून पोराचं खेळणं म्हणून परत दिला. आकांक्षा गुडघ्यावर बसून टमाट्यांखाली हात घालत होती. आणि तेवढ्यात बाबांनी गाडीच्या खिडकीतून काठी दाखवली.

"उंट! उंट नेला!"

एक काळी बकरी तोंडात काळा उंट धरून शांतपणे चालली होती. तेलाचा वास तिला आवडला असावा. जानराव धावले. बकरीही धावली. जानरावांनी तिला टमाट्यांच्या बाजूने अडवलं, ती कांद्यांच्या बाजूने वळली, आणि तिकडून भगवंतराव आडवे झाले.

"भगवंता, शिंग धर!"

"धरलं! दादा, तुमी मागून या!"

"मागून काहून? लाथ मारन ते!"

"मंग काय पुढून दोघं बी उभे राहू?"

"तोंड उघड तिचं!"

"कसं उघडू, माहा हात शिंगाले हाय! दादा, हार! हार काढा माह्या गयातला!"

जानरावांनी भावाच्या गळ्यातला झेंडूचा हार काढून बकरीच्या नाकासमोर धरला. बकरीने क्षणभर विचार केला, उंट खाली टाकला आणि हाराला लागली. जानरावांनी उंट उचलून धोतराला पुसला. मानेवर दोन दातांचे वण उमटले होते.

दोघं भाऊ कांद्याच्या ढिगाशेजारी धापा टाकत उभे राहिले. चार वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते, हे दोघांनाही आता आठवलं, पण आता आठवून उपयोग नव्हता.

"दाढी पांढरी झाली तुही," जानराव म्हणाले.

"तुमाले काय, टक्कल पडलं, म्हणून दिसत नाई," भगवंतराव म्हणाले.

इकडे मोतीराम वाकून वाकून रस्त्यावरच्या सोंगट्या वेचत होते. वेचलेलं ठेवायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून बसायला आणलेली ती पत्र्याची पेटी त्यांनी उघडली. कंडक्टरची तिकिटांची पेटी होती ती. मशिनी आल्यावर डेपोने भंगारात काढलेल्यांपैकी एक त्यांनी मागून घेतली होती. आत खण होते, एक रुपयाचं तिकीट, दोन रुपयांचं, पाचाचं. त्यांनी सवयीने एकेका खणात एकेक जात लावली. राजे वेगवेगळ्या टोकांना. शेवटचा उंट जानरावांनी आणून दिला तेव्हा त्यांनी पेटी मिटली, कडी लावली आणि मोजून झाल्याची खूण म्हणून टाळी वाजवली.

परत येताना तेच दोन गतिरोधक लागले. पेटीतून जराही आवाज आला नाही.

अंगणात पोचल्यावर बाबांनी ती मांडीवर घेतली, कानाशी धरून हालवली, उघडली, मिटली.

"हा डबा," ते म्हणाले.

भगवंतराव आणि जानराव दोघं एकाच वेळी उसळले.

"असं कसं? जावईबुवा तं डबा घेऊन आलेच नोते!"

"बसाले आनला होता भाऊजीनं तो! आमी दोघं साक्षीले हाओत. हो का नाई दादा?"

"एकदम बराबर. हा डबा धरताच येत नाई."

चार वर्षांत प्रथमच दोघं भाऊ एका बाजूला होते. जाईबाई दारात उभ्या होत्या, हातात भाजीचं पातेलं. ते त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की कौशल्याबाईंनी ते अलगद काढून घेतलं.

"मी सांगू का," कौशल्याबाई नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "अट काय होती? ज्याचा डबा बसन. त्यात आनला काहून ते कोनं म्हटलं होतं?"

"तू कोनाच्या बाजूनं हायेस?" जानरावांनी विचारलं.

"रोडग्याच्या. थंडे होऊन राहिले."

मोतीराम घसा खाकरून पुढे आले. आता ते बोलणार हे पाहून सगळे त्यांच्याकडे वळले.

"डबा घेऊन जा तुमी," ते मेहुण्यांना म्हणाले. "पत्राच हाय. कोनाचं बी नाव टाका. पन..." त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. "चार साल झाले, मी बाबासंगं रोज दोन डाव खेळतो. एक बी जिंकलो नाई अजून. एक डाव जिंकू द्या मले. मंग न्या."

बाबांनी जावयाकडे पाहिलं. डोळे बारीक केले.

"ठरलं," ते म्हणाले. "ज्या दिवशी मोतीराम मले हरवन, त्या दिवशी मी उठतो. कोनाकडं जाचं ते तुमी दोघं तवरीक ठरवून ठेवा."

"आजच खेळा ना मंग!" भगवंतराव म्हणाले.

"जेवून."

*

जेवणं झाली. रोडगे संपले, संत्री सोलली गेली. खाटेवर पट मांडला गेला, बाबा एकीकडे, मोतीराम दुसरीकडे. जानराव आणि भगवंतराव पहिल्या दहा चाली पाहत बसले आणि मग मोतीराम जिंकले तर बाबा आधी कोणाकडे जाणार यावरून त्यांचं सुरू झालं. ते दोघं भांडत भांडत सागाच्या पेटीवर जाऊन बसले. पेटी दोघांना पुरून उरली. कोणत्या तारखेपासून मोजायचं इथपर्यंत ते आले, तेव्हा कौशल्याबाईंनी दोघांच्या हातात एकेक संत्रं दिलं.

पटाजवळ आता फक्त आकांक्षा होती. तिने खाली पाहिलं आणि ती पुढे वाकली. बाबांचा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागे, शेवटच्या ओळीत कोंडून बसला होता. बाजूची एक उभी रेघ पूर्ण मोकळी होती आणि त्या रेघेवर मोतीरामांचा हत्ती उभा होता. एक सरळ चाल, आणि डाव खलास. शाळेतलं पोरही सोडणार नाही अशी ती चाल होती. मग ब्याण्णव वर्षांच्या या खेळाडूने ती उघडी कशी ठेवली?

मोतीरामांचा हात हत्तीवर गेला. त्यांनी त्याला दोन बोटांनी धरलंही. त्यांनाही दिसलं होतं, यात शंका नव्हती. बाबा छातीवर हनुवटी टेकून त्या हाताकडे पाहत होते.

मोतीरामांनी हत्ती सोडला आणि पार कडेचं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं.

बाबांनी आपलंही कडेचं प्यादं एक घर पुढे केलं. राजा होता तिथंच राहू दिला.

जाईबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. त्यांना बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं. कप खाली ठेवताना त्यांनी आकांक्षाकडे वाकून हळूच विचारलं, "कोन जितून राहिलं वो पोरी?"

मोतीरामांनी दुसऱ्या कडेचं प्यादं उचललं.

"कोणीच नाही आत्या," आकांक्षा म्हणाली. "लय लांबणार आहे हा डाव."